ग्राम वन, नाडकचेरी, रेशन दुकान: सीमाभागात कुठल्या खिडकीवर काम होतं?

कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरच्या प्रमुख बाईला मिळणारे गृहलक्ष्मीचे दोन हजार, म्हाताऱ्या माणसांचा महिन्याचा 'पगार', रेशनचा तांदूळ आणि गृहज्योतीचं शून्य रुपयांचं वीज बिल यांवर कितीतरी घरांचा महिना चालतो. योजना कामाच्या आहेत आणि पैसे खरोखर खात्यावर पडतात. अडतं ते खिडकीवर. कुठलं काम कुठे होतं आणि अर्ज कशामुळे परत येतो हे आधी माहीत असलं, तर एका फेरीचं काम पाच फेऱ्यांवर जात नाही. म्हणून हा आढावा योजनांचा कमी आणि त्या खिडक्यांचा जास्त आहे.

ग्राम वन, बेळगाव वन

ही सरकारी कामांचे अर्ज भरून देणारी केंद्रं ('वन' म्हणजे इंग्रजी एक): खेड्यात ग्राम वन, शहरात बेळगाव वन आणि ग्रामपंचायतीत बापूजी सेवा केंद्र. गृहलक्ष्मीची नोंदणी, गृहज्योतीचा अर्ज, आयुष्मान कार्ड, उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्याची अर्जी ही सगळी कामं इथे होतात. घराजवळ असतं, तहसील कार्यालयापेक्षा जास्त वेळ उघडं असतं आणि चालवणारा बहुतेक गावातला किंवा शेजारच्या गावातला असल्यामुळे मराठीत विचारता येतं. पहिल्या अर्जासाठी हीच खिडकी उत्तम.

पण ऑपरेटर अर्ज भरतो, मंजूर करत नाही. अडलेला अर्ज घेऊन त्याच्याकडे गेलात तर 'प्रोसेसमध्ये आहे' यापलीकडे तो काही सांगू शकत नाही, कारण त्याच्या स्क्रीनवर तेवढंच दिसतं. गृहलक्ष्मी अडली असेल तर महिला व बालकल्याण खात्याच्या तालुका कार्यालयात, म्हणजे सीडीपीओकडे (बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे) जावं लागतं. तिथे कारण कळतं. अंगणवाडी ताईंना विचारलं तर त्या कार्यालयाचा पत्ता आणि वार दोन्ही सांगतात.

केंद्रात बसल्यावर स्क्रीनकडे लक्ष ठेवा. तीन जागा तपासायच्या: नाव, बँक आणि मोबाईल नंबर. नंबर सगळ्यांत महत्त्वाचा. घाईच्या वेळी कुणी स्वतःचा नंबर घालून अर्ज पुढे रेटतो. त्या वेळी काम होतं, पण नंतरचा प्रत्येक ओटीपी त्या माणसाच्या फोनवर जातो आणि म्हातारी बाई कायमची त्याच्यावर अवलंबून राहते. घरात कुणाचाच फोन नसेल तर मुलाचा, जावयाचा, भावाचा नंबर द्या. परक्याचा कधीच नको.

पैशांचं सांगायचं तर गृहलक्ष्मीची नोंदणी मोफत आहे. दाखल्यांना ठरलेलं शुल्क आहे आणि ते पावतीवर छापून येतं. पावतीपेक्षा जास्त मागितले तर ती मागणी बेकायदा. 'आतून करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊन काम लवकर होत नाही, कारण या अर्जांची छाननी संगणकावर कागदांची जुळणी करून होते आणि न जुळणारा कागद ओळखीने जुळत नाही.

नाडकचेरी

होबळीच्या (तालुक्यातल्या गावांच्या गटाच्या) ठिकाणी असलेली नाडकचेरी, म्हणजे अटलजी जनस्नेही केंद्र, हे म्हातारपणाच्या, विधवा आणि अपंग पेन्शनचं मूळ ठिकाण. इथून अर्ज तलाठ्याकडे, मग सर्कलकडे आणि शेवटी तहसीलदारांकडे जातो. ६५ वर्षांवरच्या गरिबांना संध्या सुरक्षा योजनेत महिन्याला १२०० रुपये मिळतात, विधवा पेन्शन ८०० रुपये आहे. रक्कम थोडी आहे, पण एकट्या माणसाच्या औषधाचा आणि चहा-साखरेचा भार उचलते.

इथे सगळ्यांत जास्त अर्ज परत येतात ते उत्पन्नाच्या दाखल्यामुळे. बीपीएल कार्डाची मर्यादा वर्षाला १ लाख २० हजार आहे, पेन्शनची मात्र ३२ हजार. लोक समजतात, बीपीएल कार्ड आहे म्हणजे पेन्शन बसली. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या दाखल्यावर घराचं उत्पन्न ४० हजार लिहिलेलं असतं, तोच दाखला आजोबांच्या पेन्शनला जोडला जातो आणि अर्ज फेटाळला जातो. दाखला पाच वर्षं चालतो, म्हणून जुनाच जोडायचा मोह होतो. पेन्शनसाठी उत्पन्न कुणाचं धरायचं हे तलाठ्याला आधी विचारा. नवरा-बायको वेगळं राहत असतील, मुलगा वेगळा राहत असेल, तर ते चौकशीच्या वेळीच सांगा. खोटं उत्पन्न लिहून घेऊ नका, पुढच्या तपासणीत पेन्शन बंद होते आणि पुन्हा सुरू करणं नव्या अर्जापेक्षा अवघड जातं.

दुसरी अडचण वयाची. पूर्वीच्या पिढीचं आधार कार्ड काढताना जन्मतारीख अंदाजाने, १ जानेवारी अशी टाकलेली असते. मतदार ओळखपत्रावर वय वेगळं. शाळेचा दाखला मिळाला तर तो सगळ्यांत भक्कम. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते आणि नाव आयुष्यात दोनदा, म्हणून बदल करण्याआधी कुठला पुरावा धरायचा ते ठरवा.

विधवा पेन्शनसाठी मृत्यू दाखला लागतो. खानापूर भागातली माणसं कामाला गोव्यात, निपाणीकडची कोल्हापूर-पुण्यात. मृत्यू जिथे झाला तिथेच नोंद होते, गावच्या पंचायतीत नाही. २१ दिवसांत नोंद केली की काही त्रास नसतो, उशीर झाला की परवानगीच्या फेऱ्या सुरू. दवाखान्यात घाईने सांगितलेलं नाव दाखल्यावर येतं. 'बाळू' म्हणून ओळखला जाणारा माणूस दाखल्यावरही बाळू आणि आधारवर बाळकृष्ण असला, तर बायकोची पेन्शन तिथेच थांबते. नाव सांगणाऱ्याने मृताचं आधार कार्ड हातात धरूनच नाव सांगावं.

नाडकचेरीच्या पावतीवर एक १५ अंकी जीएससी क्रमांक असतो. हा कर्नाटकच्या सकाल (सेवा हमी) कायद्याखालचा क्रमांक. २०११ च्या या कायद्याने प्रत्येक सेवेला मुदत ठरवून दिली आहे, ती पावतीवरच असते. मुदत टळली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते आणि वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. भरपाईपेक्षा अपीलच उपयोगी. अपील झालं की अडलेली फाईल वर येते. पण पावती हरवली तर काहीच हातात राहत नाही. फोनमध्ये तिचा फोटो काढून ठेवा.

अर्ज कन्नडमध्येच असतात. मराठी माणसाने सही करण्याआधी प्रत्येक रकाना वाचून घ्यावा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगावं. तक्रार मात्र मराठीत देता येते. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे. व्यवहारात मराठी तक्रारीखाली दोन ओळींचा कन्नड सारांश आणि जीएससी क्रमांक लिहिला, तर ती लवकर हातात घेतली जाते.

आधार बँकेला 'लिंक' आहे, तरी पैसे का नाहीत?

या भागात पैसे अडकण्याचं हे एक नंबरचं कारण आहे, आणि बँकेच्या काउंटरवरही ते नीट समजावलं जात नाही. खात्याला आधार जोडणं दोन प्रकारचं असतं. एक केवायसीसाठी, म्हणजे बँकेच्या नोंदीत आधार नंबर असणं. दुसरं डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी), म्हणजे एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या यादीत 'या आधारचे सरकारी पैसे या बँकेत पाठवा' अशी नोंद असणं. योजनेचे पैसे फक्त दुसऱ्या नोंदीप्रमाणे जातात. पहिली असली आणि दुसरी नसली तर क्लार्क खरंच सांगतो, 'लिंक आहे', आणि पैसे तरीही येत नाहीत.

एका आधारला एका वेळी एकच बँक असते. शेवटची नोंद चालते. महिला बचत गटासाठी, गॅस सबसिडीसाठी किंवा कर्जासाठी नवीन खातं उघडलं आणि तिथल्या फॉर्मवर संमतीची खूण झाली, की सगळे पैसे त्या बँकेत जायला लागतात. बाई जुनं पासबुक भरून आणते, त्यात काही नाही, म्हणून म्हणते पैसे बंद झाले. तेव्हा ते दुसऱ्या खात्यात साठत असतात. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, बँकेचं नाव आणि नोंद चालू आहे की बंद ते दिसतं. त्यासाठी आधारला मोबाईल जोडलेला लागतो. कर्नाटकचं डीबीटी ॲपही आहे, त्यात कुठल्या महिन्याचे पैसे कुठल्या बँकेत गेले ते कळतं.

पासबुकांचंही बघा. सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरात गेली, आणि खेड्यापाड्यात सगळ्यांच्या ओळखीची कर्नाटक विकास ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून कर्नाटक ग्रामीण बँकेत आली. जुनं पासबुक जोडून केलेला अर्ज परत येऊ शकतो. नवीन पासबुक करून घ्या, मगच झेरॉक्स काढा.

हे सगळं फार गुंत्याचं झालं असेल, तर पोस्टाची खिडकी सगळ्यांत सरळ आहे. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं पोस्टमन घरी येऊन अंगठा घेऊन उघडतो, किमान शिल्लक लागत नाही आणि डीबीटीची नोंद त्याच वेळी करून घेता येते. चालता न येणाऱ्या माणसाला पैसेही घरी मिळतात. जांबोटी-कणकुंबीकडच्या वस्त्यांना, जिथून बँक गाठायला अर्धा दिवस जातो, यापेक्षा चांगली सोय नाही. या आढाव्यातली सगळ्यांत विश्वासाची खिडकी हीच.

चंदगड-गडहिंग्लजहून सून होऊन आलेल्या मुली

सीमाभागाची खरी अडचण इथे आहे. सोयरीक दोन्ही राज्यांत होते, कागद मात्र एकाच राज्याचे चालतात. लग्न होऊन पाच वर्षं झाली तरी आधारवर माहेरचं नाव, माहेरचा पत्ता, आणि महाराष्ट्रातल्या रेशन कार्डात नाव तसंच. मग इथल्या कार्डात नाव चढत नाही, कारण आधार नंबर दुसऱ्या राज्यात आधीच नोंदलेला दिसतो. कार्डात नाव नाही म्हणून आयुष्मान नाही. आधारवर कर्नाटकचा पत्ता नाही म्हणून शक्ती योजनेचं बसचं फुकट तिकीटही नाही.

याचा क्रम ठरलेला आहे आणि तो उलटा केला की सगळं अडतं. पहिल्यांदा माहेरच्या तालुक्याच्या पुरवठा कार्यालयातून नाव कमी केल्याचा दाखला. दुसरं, आधारचा पत्ता बदलणं. सासरच्या घरी तिच्या नावावर बिल किंवा उतारा नसतो, म्हणून लोक अडून बसतात, पण नवऱ्याला कुटुंबप्रमुख धरून पत्ता बदलायची सोय आहे. नात्याचा पुरावा म्हणून विवाह नोंदणीचा दाखला जोडायचा आणि नवऱ्याने आपल्या आधारच्या ओटीपीवरून ३० दिवसांत संमती द्यायची. ती मुदत चुकली तर अर्ज आपोआप रद्द होतो. तिसरं, इथल्या रेशन कार्डात नाव घालणं. कार्ड दुरुस्ती वर्षभर चालू नसते, मधूनमधून काही दिवसच उघडते. त्या वेळी दाखला हातात असला पाहिजे, म्हणून पहिली दोन कामं आधीच करून ठेवायची.

महाराष्ट्रातल्या लाडकी बहीण योजनेबद्दल बरंच विचारलं जातं. ती महाराष्ट्राच्या रहिवासी महिलांसाठी आहे. माहेरच्या पत्त्यावर तिकडे अर्ज आणि सासरच्या कार्डावर इकडे गृहलक्ष्मी, हे बसत नाही. आधार एकच असल्यामुळे आज ना उद्या ते उघड होतं आणि घेतलेली रक्कम परत मागितली जाऊ शकते.

नावाच्या स्पेलिंगचं दुखणंही इथेच. लक्ष्मी एका कागदावर 'एक्स' घालून, दुसऱ्यावर 'केएसएच' घालून. परशराम, परशुराम आणि पारशराम एकाच घरात. मराठीतून कन्नडमध्ये, कन्नडमधून इंग्रजीत जाता-जाता नाव बदलतं. लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, नंतर नवऱ्याचं. उपाय एकच: आधारचं इंग्रजी स्पेलिंग हेच मूळ धरायचं आणि बाकीचे कागद, बँकेसकट, त्याप्रमाणे करून घ्यायचे. प्रत्येक कागद दुसऱ्यासारखा करत बसलं तर काम संपत नाही.

गृहलक्ष्मी कुणाच्या नावावर

३० ऑगस्ट २०२३ ला सुरू झालेली ही योजना रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख असलेल्या बाईला मिळते. बहुतेक एकत्र घरांत ती सासू असते. सुनेला वेगळी गृहलक्ष्मी हवी म्हणून केवळ कागदावर घर वेगळं दाखवायला लोक निघतात. चूल खरंच वेगळी नसेल तर तसं करू नये, कारण तलाठ्याची तपासणी येते. प्रमुख बाई वारली की हप्ते थांबतात. मृत्यू दाखला देऊन कार्डावर नवीन प्रमुख नोंदवायची आणि तिचा नवीन अर्ज करायचा. जुन्याच खात्यातून पैसे काढत राहिलं तर वसुली निघते.

प्रमुख बाई किंवा तिचा नवरा आयकर किंवा जीएसटी भरणारा असेल तर हप्ता मिळत नाही. कर्ज मिळावं म्हणून कुणाच्या सांगण्यावरून रिटर्न भरलेले छोटे दुकानदार आणि गाडीवाले यात अडकतात. कर भरत नसूनही नाव यादीत आलं असेल तर तसा पुरावा घेऊन सीडीपीओकडे अर्ज द्यावा. याशिवाय हप्ते उशिरा येतात, कधी दोन-तीन एकदम येतात. तो दोष अर्जाचा नाही, वरून निधी सुटण्याचा आहे. शेजारणीलाही आले नसतील तर कुठेही धावू नका, शेजारणीला आले आणि तुम्हाला नाहीत तर लगेच आधारची बँकेतली नोंद (सीडिंग) तपासा.

रेशन दुकान

तांदूळ फुकट आहे, पण अंगठा लागला पाहिजे. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाया, वडगावचे विणकर, शेतमजूर यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन ओळखत नाही. बोटं धुऊन कोरडी करून दुसरं बोट लावा, नाही जमलं तर डोळ्याचं मशीन किंवा ओटीपी मागा. कायमचा इलाज म्हणजे आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्याने देणं. घरातल्या प्रत्येकाचं ई-केवायसी झालेलं हवं. पुण्याला कामाला असलेल्या मुलाचं राहिलं की त्याच्या वाट्याचं धान्य थांबतं. तांदूळ तोलताना काट्याचा आकडा बघा आणि बिल मागून घ्या. बिलावर माणसं किती आणि किलो किती हे असतं.

हेस्कॉम (वीज कंपनी) आणि बस

गृहज्योतीला लोक '२०० युनिट फुकट' समजतात, तसं नाही. २०२२-२३ ची तुमची महिन्याची सरासरी, त्यावर १० टक्के, एवढंच फुकट. सरासरी ६० होती तर ६६ युनिटपर्यंत शून्य बिल. ८० वापरले तर १४ युनिटचे पैसे. २०० च्या वर गेलं की पूर्ण बिल भरायचं. सरासरी ४८ पेक्षा कमी असलेल्यांना १० टक्क्यांऐवजी सरळ १० युनिट जास्त. भाडेकरूलाही मिळतं, पण घर बदलताना जुन्या मीटरवरून आधार काढून घ्यावं लागतं, नाहीतर नव्या घरी अर्ज होत नाही. सेवा सिंधू या सरकारी संकेतस्थळावर ते काही मिनिटांत होतं. हेस्कॉमची ही सेवा एकदा लागली की बिनबोभाट चालते.

शक्तीची बस ११ जून २०२३ पासून. कर्नाटकच्या साध्या आणि एक्सप्रेस गाड्यांत बायकांना शून्य तिकीट, पण ते घ्यावंच लागतं. बेळगावहून निपाणीला जाताना कोल्हापूरची गाडी आली म्हणून चढलात तर ती आंतरराज्य गाडी, तिथे पैसे पडतात. निपाणीपर्यंतच जाणारी गाडी बघून चढा.

दवाखाना

बीपीएल कुटुंबाला आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकात वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के, दीड लाखाच्या मर्यादेत. यात लोक चुकतात ते रेफरलला. आधी सरकारी दवाखान्यात जायचं, बेळगावात बिम्सला, आणि तिथे ती सोय नसेल तर ते चिठ्ठी देतात. थेट खाजगी दवाखान्यात भरती होऊन नंतर चिठ्ठी आणायला गेलं तर ती मिळत नाही आणि बिल अंगावर येतं. अपघात, हृदयविकाराचा झटका अशा तातडीच्या प्रसंगी मात्र यादीतल्या दवाखान्यात थेट जाता येतं. दाखल होतानाच कार्ड आणि आधार आरोग्यमित्राच्या (दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या) काउंटरवर द्या, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

निपाणी, कागवाडच्या लोकांना मिरज आणि कोल्हापूर जवळ पडतं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतला, कर्नाटकने त्याला हरकत घेतली. त्यावर विसंबून पेशंट गाडीत घालण्याआधी त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला फोन करा. आपलं गाव यादीत आहे का, हा आजार पॅकेजमध्ये बसतो का आणि कुठले कागद हवेत, हे तिन्ही विचारून घ्या. रेशन कार्ड आणि आधारची मूळ प्रत बरोबर ठेवा.